चौथ्या जागेवरचा डबा

चंपतराव काही मोठा माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नरखेडकडच्या एका खेड्यातून तो नागपुरात आला, कापडाच्या मिलमध्ये लागला आणि रातपाळी करता करता त्याचे केस पिकले. शिक्षण चौथी. सही करताना जीभ बाहेर यायची. महालातल्या आमच्या गल्लीत, मातीच्या तेलाच्या दुकानासमोर एका खोलीत तो आणि त्याची बायको जिजाबाई राहत. मूलबाळ नव्हतं. अंगात बंडी, खाली धोतर, आणि बोलणं इतकं हळू की समोरचा माणूस आपोआप वाकून ऐकायचा. हे लोकांचं वाकून ऐकणंच मला पहिल्यापासून खुपत आलं.

मी बी.ए. आहे. सरकारी कचेरीत कारकून होतो, वाचनालयात मासिक आलं की पहिल्यांदा माझ्याच हाती पडायचं. माझ्यासाठी कधी कोणी वाकलं नाही. संध्याकाळी दत्तोपंतांच्या ओट्यावर सगळी गल्ली जमायची. दत्तोपंत शाळेतून निवृत्त झालेले, त्यांच्या शब्दाला मान होता. तिथे मी चीनबद्दल किंवा धान्यटंचाईबद्दल बोलायला लागलो की लोक पानाला चुना लावायला घेत. चंपतराव आला की तेच लोक सरकून जागा करत. "या, या चंपतराव." आणि तो काय सांगायचा? नळाला पाणी किती वाजता आलं, कोणाच्या घरी ताप आहे. माझ्या पोटात दुखायचं. दुसरा शब्द मला सापडत नाही, आणि आता या वयात शोधायचाही नाही.

त्याचा खरा अंमल होता तो डब्यांवर. त्या वर्षांत रॉकेल, म्हणजे आमच्याकडचं मातीचं तेल, रेशन कार्डावर मिळायचं आणि कधी मिळेल याचा नेम नसायचा. ड्रम बैलगाडीवरून, आमच्या भाषेत बंडीवरून, येत. कधी सकाळी, कधी दुपार कलल्यावर, कधी दोन दिवसांनी. नागपूरच्या उन्हात तेवढा वेळ कोण उभं राहणार? म्हणून आमच्या गल्लीत माणसांऐवजी डबे उभे राहायचे. ज्यानं त्यानं आपला डबा आणून रांगेत ठेवायचा आणि कामाला निघून जायचं. प्रत्येक डब्याची खूण होती. प्रयागबाईच्या डब्याला चुन्याचा पट्टा. आमच्या डब्याच्या कडीला माझ्या बायकोनं, प्रेमलतानं, पिवळी चिंधी बांधलेली. चंपतरावच्या कडीला मिलमधल्या निळ्या सुताचा झुपका. डबे रात्रंदिवस रस्त्यावर राहत. कोणी हात लावत नसे.

हात लावायचा अधिकार एकट्या चंपतरावला, आणि त्यालाही रीत होती. कोणाच्या घरी बाळंतीण असली, दुखणं असलं, मयत झालेली असली, तर त्या घरचा डबा तो पुढे घ्यायचा. पण मुकाट्यानं नाही. डब्यावर हात ठेवून तीनदा मोठ्यानं सांगायचा, "प्रयागबाईचा डबा पुढं घेऊन राहिलो. घरी सून बाळंतीण हाये." तिसऱ्यांदा सांगून झालं आणि कोणी हरकत घेतली नाही, की डबा पुढे. एरवी हळू बोलणारा माणूस तेवढ्यापुरता साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचा. स्वतःचा डबा मात्र तो सगळ्यांत शेवटी ठेवायचा, सगळे आले याची खात्री करून. हा चांगुलपणा मला दिखाऊ वाटायचा. आजही थोडा वाटतो.

१९७३ च्या गणेशोत्सवात मंडळानं माझं व्याख्यान ठेवलं. खरं सांगायचं तर मीच ठेवायला लावलं. विषय होता, 'समाज कशाने कोसळेल?' मी दोन महिने तयारी केली. चार कारणं काढली: अणुबॉम्ब, लोकसंख्या, दुष्काळ आणि वीज. विजेवर माझा विशेष भर होता. खापरखेड्याचं वीज केंद्र बंद पडलं तर पहिल्या दिवशी काय होईल, चौथ्या दिवशी पाणी कसं थांबेल, दवाखान्यांची काय दशा होईल आणि तिसऱ्या आठवड्यात शेजारी शेजाऱ्यावर कसा धावून जाईल, हे मी क्रमानं मांडलं. पाऊण तास बोललो. टाळ्या पडल्या, पण त्या व्याख्यान संपल्याच्या होत्या.

मग दत्तोपंतांना काय बुद्धी सुचली कोण जाणे. ते म्हणाले, "चंपतराव, तुम्हीही दोन शब्द बोला."

तो उठला, धोतर सावरलं. सगळा मांडव पुढे वाकला.

"केशवभाऊनं लय अभ्यासाचं सांगतलं," तो म्हणाला. "मले बॉम्बचं काही समजत नाही. मले आपले डबे समजतेत. ज्या दिवशी कोनी एक डबा गुपचूप सरकवला अन् कोनं सरकवला हे समजलंच नाही, त्या दिवसापासून कोनी डबा ठेवून घरी जानार नाही. चोर सापडला तं एकटा तोच वाईट होते. नाही सापडला तं सारेच एकमेकाले चोर दिसतेत. मंग बॉम्ब लागत नाही."

एवढं बोलून तो खाली बसला. टाळ्या किती वेळ पडल्या ते मी मोजलं नाही, पण बायकांच्या बाजूला प्रेमलता वाजवत होती ते मला नीट दिसलं. घरी आल्यावर पातळाची घडी करता करता ती म्हणाली, "किती साधं बोलले, नाही?" मला पित्त झालंय असं सांगून मी न जेवता झोपलो. दोन महिने वाचनालयाची पायरी मी झिजवली आणि या चौथी शिकलेल्या माणसानं मला चार वाक्यांत झोपवलं, हे मला आत कुठेतरी जाळत राहिलं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. नागपुरात मालगाड्या थांबल्या, तशी तेलाची आवक आटली. आठ दिवसांनी येणारी बंडी पंधरा दिवस आली नाही. घराघरांत चुली पेटल्या, गोवऱ्या महागल्या, आणि गल्लीत रोज नवी आवई उठायला लागली. कोणी म्हणे आता दिवाळीपर्यंत तेल नाही, कोणी म्हणे कामठीकडे ड्रम लुटला. तरी रांगेतले डबे जागचे हलले नाहीत. मी रोज येता-जाता पाहायचो.

एकोणीस तारखेला, रविवारी, पेपरात बातमी आली: राजस्थानच्या वाळवंटात आपल्या देशानं जमिनीखाली अणुस्फोट केला. खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला. देशासाठी नव्हे, स्वतःसाठी. माझ्या चार कारणांतलं पहिलंच कारण साक्षात आपल्या दारी आलं होतं. आता तरी ऐकतील. पेपर काखेत मारून मी ओट्यावर गेलो. सगळे बसले होते. मी घसा साफ केला, पेपर उघडला, तेवढ्यात प्रयागबाई म्हणाली, "ते राहू द्या भाऊ. चंपतराव, उद्या बंडी येते म्हनतेत, खरं हाये का?"

झालं. सगळी डोकी तिकडे वळली. चंपतराव सांगत होता की एकच ड्रम येणार, वीस-बावीस घरांना पुरेल, बाकीच्यांनी दोन दिवस दम धरावा. आणि लोक माना डोलवत होते. शेवटी उभ्या असलेल्या डब्यांचे मालकसुद्धा. अणुबॉम्ब माझ्या हातात तसाच राहिला. मी पेपरची घडी केली आणि घरी आलो. त्या संध्याकाळी माझ्या मनात जे आलं, ते त्यानंच व्याख्यानात सांगितलेलं होतं. अक्कलसुद्धा मी त्याचीच उसनी घेतली.

सोमवारी मी दुपारनंतरची रजा टाकली. दोन वाजता डोक्याला ओलं फडकं गुंडाळून बाहेर पडलो. गरम वाऱ्यानं गल्लीत धूळ उडत होती, चिटपाखरू नव्हतं. दुकानाची फळी अर्धी लागलेली. चंपतरावच्या खिडकीवर गारव्यासाठी ओलं पोतं टांगलेलं होतं, आत तो रातपाळीचा झोपला असणार. रांगेत एकेचाळीस डबे होते. निळ्या सुताचा एकेचाळिसावा. मी वाकलो, त्याची कडी आवाज होऊ न देता धरली. पत्रा तापलेला होता, बोटं चटचट भाजली. डबा उचलून मी तिसऱ्या डब्याच्या मागे, चौथ्या जागी ठेवला आणि घरी परतलो.

मला तेल नको होतं. आमचा डबा अकरावा होता, आम्हाला मिळणारच होतं. मला एवढंच पाहिजे होतं की चार वाजता गल्ली जमेल, एकेचाळिसावा डबा चौथ्या जागी दिसेल, आणि तो बोलायला लागेल तेव्हा एकदा तरी कोणी वाकून ऐकणार नाही.

चारला बंडी आली. जो तो आपापल्या डब्याकडे धावला. पहिल्यांदा दत्तोपंतांच्या ध्यानात आलं.

"चंपतराव, हा डबा तुमचा ना?"

सगळे पाहायला लागले. चंपतराव आपल्या दारात उभा होता. मी वाट पाहत होतो. आणि प्रयागबाई म्हणाली, "ते असं नाही करनार. आपन नाही ओळखत का त्यायले? कोनीतरी मुद्दाम ठेवला हा."

माना डोलल्या. म्हणजे डबा डोळ्यांसमोर, खूण डोळ्यांसमोर, तरी संशय त्याच्यावर नाही. मला त्या क्षणी रडू येईल असं वाटलं. चाळीस घरांपैकी एकालाही तो खोटा वाटला नाही. माझा डबा पुढे सापडला असता तर?

पण 'कोनीतरी' हा शब्द तोंडातून निघाला होता. कोणीतरी म्हणजे कोण? पाचव्या डब्यावाल्यानं तिसऱ्याकडे पाहिलं. मागून कोणी म्हणालं, काल जयवंता इथे काय करून राहिली होती? जयवंता म्हणाली, मी माझा डबा पाहायला आली होती, तुझा काहून दरवेळी पुढे असतो ते सांग. एकानं पाच वर्षांपूर्वीचं नळाचं भांडण काढलं. ज्या दत्तोपंतांनी जन्मात कोणाला अरे म्हटलं नव्हतं, त्यांनी प्रयागबाईचा डबा धरला आणि ओरडले, "तुझाच बरा नेहमी पहिल्या पाचांत!" चुन्याच्या पट्ट्याचा तो डबा गटारापर्यंत घरंगळत गेला. मग कोणी रांगेत उरलं नाही. ज्यानं त्यानं आपला डबा उचलला आणि ड्रमकडे मुसंडी मारली. बंडीवाला ड्रमवर चढून शिव्या देत होता. धक्काबुक्कीत प्रेमलता दुकानाच्या पायरीवर आदळली, तिचं कोपर सोललं, आणि तिला ढकलणारा होता आमच्या भिंतीला भिंत लागलेला शेजारी. माझ्या व्याख्यानात इथपर्यंत यायला तीन आठवडे लागत होते. इथे दोन मिनिटं लागली. मी भिंतीला टेकून उभा होतो.

तेव्हा तो आवाज आला. रीतीचा, मोठा.

"चंपतरावचा डबा चंपतरावनं पुढं ठेवला. घरी कोनी बिमार नाही. लालच आली."

एक हात निळ्या सुताच्या डब्यावर ठेवून तो उभा होता. कोणी थांबलं, कोणी नाही. त्यानं तेच पुन्हा सांगितलं. आणि तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी गल्लीत फक्त बैलांच्या घुंगरांचा आवाज होता.

प्रयागबाई दर राखीपौर्णिमेला त्याला राखी बांधायची. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. दत्तोपंतांनी त्याचा डबा उचलून स्वतः शेवटी नेऊन ठेवला. मग मुकाट्यानं, एकेक करून, लोकांनी आपापले डबे परत रांगेत लावले. कोण कुठे होता यावरून एकही वाद झाला नाही. दत्तोपंतांनी गटारातला डबा पुसून प्रयागबाईच्या जागेवर ठेवला. तेल तेविसाव्या डब्यापर्यंत पुरलं. उरलेल्यांनी आपले रिकामे डबे तिथेच रस्त्यावर राहू दिले आणि ते घरी गेले.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तो पडला होता ना. पण मी पाडण्याआधी तो आपणहून खाली उतरला होता. त्यानं असं का केलं? मी मनाशी ठरवलं की घाबरला असेल, किंवा बायकोनंच डबा सरकवला असं त्याला वाटलं असेल. गांगरलेला अडाणी माणूस, दुसरं काय. ही समजूत मी सात वर्षं सांभाळली, कारण ती नसती तर मला झोप आली नसती.

त्यानंतर ओट्यावर त्याच्यासाठी कोणी सरकलं नाही. दोन-तीनदा येऊन तो उभा राहिला, मग यायचा बंद झाला. राखी बंद झाली. जिजाबाईला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. नळावर ती आली की बायका आपसांत बोलायला लागत. आणि दत्तोपंत मला म्हणाले, "केशवराव, आता रांगेचं तुम्ही पाहा. शिकलेला माणूस बरा."

म्हणजे मला हवी होती ती जागा मिळाली. मी डब्यांवर खडूनं आकडे घालायला लागलो. बाळंतिणीच्या घरचा डबा पुढे घेताना तीनदा ओरडायची रीतही पाळली. माझा आवाज तिसऱ्या वेळी फाटायचा. लोक ऐकत. "केशवराव आल्यापासून रांग कशी सुतासारखी," असं म्हणत. आणि खरंच, सात वर्षांत एक डबा हलला नाही. पण ते वाक्य ऐकलं की मला चंपतरावचाच राग यायचा. रांग माझ्यामुळे टिकली नव्हती, हे त्या गल्लीत तिघांनाच ठाऊक होतं. म्हणजे मला तरी तेव्हा एकट्यालाच ठाऊक आहे असं वाटायचं. चंपतराव आपला डबा सगळ्यांत शेवटी आणून ठेवायचा आणि मला विचारायचा, "काय म्हनता केशवभाऊ, बरं हाये ना?" त्या विचारण्यात खोच नसायची. मी फार शोधली. तीही सापडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मिलमधलं काम सुटल्यावर ते दोघं गावी गेले, त्याच्या भावाकडे. एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो वारल्याचं कळलं. मी प्रेमलताला कचेरीचं काम सांगून एकटाच नरखेडची एस.टी. धरली. दुःखानं गेलो म्हणून सांगणार नाही. मला विचारायचं होतं, आणि तो गेल्यावर विचारायला आता जिजाबाई एकटीच उरली होती. बसमध्ये सुद्धा माझ्या मनात हेच चाललं होतं की या माणसानं मरतानाही मला हरवलं, उत्तर न देता गेला.

संत्र्याच्या बागेशेजारी त्याच्या भावाचं घर होतं. जिजाबाईनं मला खाटेवर बसवलं, चहा दिला. ती फार वाळली होती. मी इकडचं तिकडचं बोललो. मग एकदम म्हणालो, "जिजाबाई, त्या संपाच्या वर्षी... तो डबा त्यांनी नव्हता ठेवला."

"मालूम हाये मले," ती म्हणाली. "आमी पायलं ना तुमाले."

मी कप खाली ठेवला.

"पोतं ओलं कराले उठली होती मी," ती सांगत होती, जसं कोणी पावसापाण्याचं सांगावं. "त्यायले हाक मारली. म्हनलं, पाहा बरं, केशवभाऊ काय करून राहिले. ते उठले अन् पोत्याच्या मांगं बसले. मी म्हनलं, जा ना, ठेवून या मांगं. तं म्हने, मी काहून ठेवू? आता ठेवला हाये त्यानं, आता पस्तावंल, आपल्याच हातानं ठेवून जाईल. चांगला मानूस हाये तो, म्हने. दोनपासून चारपर्यंत बसून राहिले तसेच. रातपाळी करून आलते, डोळे लाल झालते. मी म्हनलं, झोपा थोडंसं. तं म्हने, झोपलो अन् तेवढ्यात तो आला, तं मले दिसनार नाही तो आलेला."

मग ती माझ्या कपाकडे पाहून म्हणाली, "चहा घ्या ना भाऊ. थंडा होऊन राहिला."

मी चहा घेतला. त्या दोन तासांत मी घरी पंख्याखाली झोपलो होतो. बंडी आल्याचं सांगायला प्रेमलतानं मला हलवून उठवलं, तेव्हा ती हसत म्हणाली होती की कितीतरी दिवसांनी आज तुम्हाला अशी गाढ झोप लागली.